फाटलेल्या टँकरच्या मागे: नांदेड ते मुरुड

लोक नांदेडला गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला जातात आणि लातूरला डाळीच्या खरेदीला. मी दोन्ही गावं पाहिली ती एका फाटलेल्या पत्र्यापायी. परत आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, काय पाहिलंत? त्यांना सांगण्यासारखं बरंच आहे, पण त्या पत्र्याची गोष्ट सोडून काही सांगता येत नाही.

आधी माझा धंदा सांगतो. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये मी डाय-फिटर आहे, म्हणजे साचे बसवणारा. ट्रकचे मडगार्ड, केबिनचे दरवाजे असं आम्ही पत्रा दाबून काढतो. सपाट पत्रा खालच्या साच्यावर ठेवायचा, त्याची कड एका जाड कडीनं चहूबाजूंनी दाबून धरायची आणि वरून ठोकळा उतरवायचा. कडी ढिली राहिली तर कडेला सुरकुत्या येतात. फार आवळली तर पत्रा आत सरकत नाही, जागच्या जागी ताणतो आणि कोपऱ्यात पातळ होतो. मोदकाची पारी करताना एकाच जागी बोट दाबलं की तिथं पीठ पातळ होतं आणि सारण नेमकं तिथूनच बाहेर येतं, तसंच हे. फरक एवढाच की सुरकुती कुणालाही दिसते आणि पातळपणा कुणाला दिसत नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला आठ पाण्याचे टँकर हवे होते. टाकीच्या पुढच्या-मागच्या फुगीर झाकणांना आम्ही डिश म्हणतो. त्या सोळा डिश आमच्याकडे दाबल्या गेल्या, बाकीची टाकी नांदेडच्या एका गॅरेजात जोडली गेली. शेवटच्या पाच डिशना सुरकुत्या यायला लागल्या, गाडी दारात उभी होती, म्हणून मी कडी आवळली. सुरकुत्या गेल्या. नंतर कोपऱ्याला माप लावलं तर चार मिलिमीटरच्या पत्र्याचे तीनही भरेनात. मी माप पेटीत ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. तीन महिन्यांनी तार आली की लातूरकडच्या मुरुडजवळ एका टँकरची पुढची डिश फाटली.

मालकांनी मला बोलावून हातात एक टाइप केलेला कागद दिला. ‘तपासणीअंती डिशच्या पत्र्यात दोष आढळला नाही,’ असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली फक्त माझी सही आणि तिकडच्या साहेबाचा शिक्का एवढंच बाकी होतं. मालक म्हणाले, जा, बघून ये आणि एवढं करून आण. मी कागद घडी करून वहीत ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला तेव्हापासून चांगलं कळतं.

नांदेड

सकाळी उतरलो तेव्हा ऊन आधीच डोक्यावर होतं. लॉजवाल्यानं एक बादली पाणी दाखवलं आणि म्हणाला की उद्या सकाळपर्यंतचं हेच. पुण्याच्या सवयीनं मी त्यातलं अर्धं तोंड धुण्यात आणि पाय खळबळण्यात घालवलं. तो दारात उभा राहून बघत होता. त्यानं ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर मी तिथं असेपर्यंत दाढी केली नाही.

गोदावरीवरून रिक्षानं गेलो. पात्रात वाळू होती, वाळूत खड्डे होते आणि खड्ड्याखड्ड्याशी वाटीनं पाणी भरणाऱ्या बाया होत्या. आमच्याकडे मुळा-मुठेला आम्ही नाकाला रुमाल लावून ओलांडतो. इथं नदी ओलांडताना रिक्षावाला हात जोडत होता, कोरड्या नदीलासुद्धा.

टाक्या जोडणारे हमीद मिस्त्री साठीच्या पुढचे, डोळ्यांना जाड चष्मा, बोलणं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी. गॅरेजच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांनी मला बसवलं ते एका जाड, लंबगोल पत्र्यावर. त्याला मोठी मोठी भोकं होती. तसाच एक पत्रा पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून होता, एकावर भट्टीचे कोळसे वाळत घातलेले, बाकीचे भिंतीला टेकून उभे. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या कामाचं उरलंसुरलं असेल. ऊन लागू नये म्हणून मी वरचेवर सरकत होतो आणि चहा पीत होतो.

मी एकामागून एक विचारत गेलो. सांधे कसे जोडले, वेल्डिंगची कोणती कांडी वापरली, डिशच्या कडेवर माझे नंबर ठोकलेले होते ते कुठल्या टाकीला गेले. नंबर रंगाखाली गेले होते, तेव्हा शेवटच्या पाचांपैकी कोणती कुठं बसली हे मिस्त्रींना सांगता येईना. माझ्या पाचावर धारण बसली. मिस्त्री मात्र शांत होते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “साहेब, तुम्ही जोड बघायला आलात का दुसरं काही? जोड तो पक्का हाय. माझा जोड फाटला तर मी दुकान बंद करून राहिलो समजा.”

जोड पक्का म्हणजे पत्रा कच्चा. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. दुपारी ते मला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात घेऊन गेले. पंगतीत बसून डाळ-रोटी खाल्ली, वाढणाऱ्यानं पाणी ओतताना पेला पाऊणच भरला आणि पुढं गेला. शेजारचा ट्रकवाला सरदारजी मराठीत सांगत होता की आधी इथं पेला काठोकाठ भरत. मी रोटीचे तुकडे करत होतो आणि प्रत्येक तुकड्याचा कोपरा बोटांनी चाचपत होतो. अशा वेळी माणसाला स्वतःचंच हसू यायला हवं, मला आलं नाही.

लातूर

लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचली. वाटेतल्या गावांच्या पाट्या बघण्यासारख्या होत्या. ‘जिल्हा उस्मानाबाद’वर चुन्याचा हात मारून ‘जिल्हा लातूर’ लिहिलेलं, पण चुना पातळ असल्यानं जुना जिल्हा खालून दिसत होता. शहरात नवी कार्यालयं भाड्याच्या घरांत थाटलेली. जिथं मी गेलो तिथं व्हरांड्यात टेबलं, टेबलांवर फायली, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर टायपिस्ट बसला होता. नवा जिल्हा मिळाल्याचा आनंद प्रत्येकाच्या बोलण्यात होता आणि पाणी नसल्याची काळजीही त्याच वाक्यात.

टँकरचं काम बघणारे साहेब घाईत होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ड्रायव्हर ज्ञानोबानं उतारावर वेडावाकडा ब्रेक मारला म्हणून टाकी फाटली असा त्यांचा अंदाज होता आणि त्याला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं. दोन, धोका नको म्हणून बाकीचे सात टँकर आता अर्धेच भरून चालवायचा हुकूम निघाला होता. गावांना पाणी निम्मं झालं होतं. तुमच्या कारखान्याचा दाखला मिळाला की फाइल बंद करता येईल, असं म्हणून त्यांनी हात पुढं केला. कागद माझ्या वहीत होता. मी म्हणालो की आधी टँकर बघतो, मग सही करतो. हे धाडस नव्हतं. सही आणखी एक दिवस टळली एवढंच होतं.

बाजारात जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि भेंडीची पातळ भाजी पत्रावळीवर. ताटं धुवायला पाणी नको म्हणून सगळ्या खानावळी पत्रावळीवर आल्या होत्या. चटणी अशी तिखट की पुणेकरानं तांब्या मागावा, पण शेजारच्या टेबलावरचे लोक एक पेला पुरवून पुरवून पीत होते. मी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि गूळ मागितला.

मुरुडच्या अलीकडे

ज्ञानोबा मुरुडच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहतो. चाळिशीचा, अंगानं वाळका, बोलताना खाली बघणारा. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला ओसरीवर घोंगडी टाकून दिली आणि त्याच्या बायकोनं पाण्यानं भरलेला तांब्या पुढं ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात, घेणार ना म्हणून. इथं पाणी विचारत नाहीत, ठेवतात. मी दोन घोट घेऊन तांब्या परत केला तर बाई म्हणाली की पाहुण्याचं उष्टं पाणी आम्ही पीत नाही, पिऊन टाका. उरलेलं तिनं कोंबड्यांना घातलं असतं. मी सगळं प्यालो. इतकं जड पाणी मी कधी प्यालो नाही.

झालं काय होतं ते ज्ञानोबानं सांगितलं. टँकर येताना दिसला की बाया घागरी घेऊन पळत सुटतात, पुढचा नंबर लागावा म्हणून. त्या दिवशी आधीच्या वस्तीवर थोडं पाणी उतरवून येताना ओढ्याच्या उतारावर एक बाई पळता पळता टँकरसमोरच पडली. त्यानं ब्रेक दाबला, चाकं तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आणि मग मागून पाण्यानं धडक दिली. “बैलानं ढुशी मारावी तसं हानलं साहेब पान्यानं. केबिन हालली. मागं बघतोय तर सगळं पानी रस्त्यावर.” त्या बाईचं नाव त्यानं चौकशीत सांगितलं नव्हतं, सांगितलं तर त्या वस्तीचा टँकरच बंद करतील ही भीती.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मी लई जोरात नव्हतो. पर लिवनारं तुम्ही. तुम्ही जे लिवाल ते खरं.”

फाटलेला टँकर मन्मथअप्पांच्या विहिरीवर उभा होता. अप्पा लातूरचे आडत व्यापारी, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, अंगावर स्वच्छ पांढरं. त्यांच्या शेतातल्या विहिरीला अजून पाणी होतं आणि ती त्यांनी आठही टँकरांसाठी खुली करून दिली होती. ‘शरणार्थ’ म्हणून त्यांनी हात जोडले. हे पाणी वस्त्यावस्त्यांवर लिंगपूजेला जातं, लहान लेकरांच्या पोटात जातं, तेव्हा आतून घासल्याशिवाय एकही टाकी या विहिरीवर भरू देत नाही, असं ते अभिमानानं म्हणाले. रोज पहाटे ते स्वतः एका टाकीत उतरून काथ्यानं तळ घासत.

मी टाकीपाशी गेलो. पुढच्या डिशचा खालचा डावा कोपरा वीतभर उलला होता. कडेचा रंग खरवडला आणि खाली नंबर दिसला. चौदा. शेवटच्या पाचांतला. फाटल्या कडेला माप लावलं. तीनला थोडं कमी. मी खाली बसलो आणि माती हातात घेऊन सोडत राहिलो. ज्ञानोबा मागं उभा होता.

मग वाटलं, आतून बघावं. वरच्या तोंडातून डोकं घातलं, बॅटरी मारली आणि बघतच राहिलो. टाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. टँकरच्या पोटात ठरावीक अंतरावर भोकांचे आडवे पत्रे असतात. ब्रेक मारला की सगळं पाणी एकदम पुढं धावू नये म्हणून. ते आमच्या शॉपचं काम नसल्यानं मी कधी बघितले नव्हते, पण ते असतात हे माहीत होतं. आत ते नव्हते. भिंतीवर कापल्याच्या खुणा तेवढ्या होत्या. आणि मला नांदेडचा कडुलिंब आठवला, मी ज्यावर बसून चहा प्यालो तो लंबगोल पत्रा आठवला. हौदावरचं झाकण, कोळशाखालचं, भिंतीला टेकलेले. मी त्यांच्यावर बसून त्यांच्याशिवाय सगळ्याची चौकशी केली होती.

अप्पांना विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं. त्या पत्र्यांमुळे माणसाला टाकीत पुढं सरकता येत नव्हतं, मधले कप्पे घासायचे राहत. म्हणून त्यांनीच एकेक टँकर नांदेडला धाडून ते ‘परदे’ काढून घेतले. हमीद मिस्त्री नको म्हणत होते, पण पाण्याची स्वच्छता म्हटल्यावर त्यांनीही हातोडा उचलला.

तिथं, त्या क्षणाला, माझ्या जिवात जीव आला. हे लाजेनं लिहितो, पण आला. दोष सापडला होता आणि तो माझा नव्हता. पेटीतलं माप पेटीत राहिलं असतं, वहीतल्या कागदावर सही करता आली असती, ज्ञानोबाही सुटला असता. मी अप्पांना समजावून सांगितलं की पाणी मोकळं सुटलं की कसं धडकतं आणि अर्ध्या टाकीत तर त्याला पळायला आणखी जागा मिळते, म्हणजे नवा हुकूम जास्तच धोक्याचा. काठोकाठ भरा किंवा परदे बसवा, मधलं काही नको.

अप्पांचा चेहरा उतरला. ते विहिरीच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी इष्टलिंगावर हात ठेवला. मग म्हणाले, “म्हंजे त्या बाईच्या अंगावर गाडी गेली असती तर ते माझ्यामुळं. मी पानी शुद्ध करून राहिलो आन् तेच पानी माणसाला मारायला निगालं. उद्या साहेबाला सांगतो, ज्ञानोबाचा दोष न्हाई, माझा हाय.”

सत्तरीचा माणूस, आपण होऊन. आणि मी चूक दुसऱ्याच्या पदरात पडल्याच्या समाधानात उभा. पाचच मिनिटं टिकलं ते समाधान. कारण परदे नसलेल्या आठ टाक्या होत्या, ब्रेक आठही ड्रायव्हर मारत होते, आणि फाटली ती चौदा नंबरची डिश. का, ते तिथं फक्त मला माहीत होतं.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. कडी आवळली, माप घेतलं, गप्प बसलो, एवढं ओळीनं सांगितलं. अप्पांनी फार विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की अशा आणखी किती आहेत. मी म्हणालो, चार.

पुढचे तीन दिवस मी विहिरीवर येणाऱ्या प्रत्येक टँकरचा रंग खरवडत होतो. ड्रायव्हर कुरकुरत. एकाच्या बॉनेटवर माझा पाना पडून पोचा आला, त्याचं बोलणं मी निमूट ऐकलं. पुढच्या बाजूला आणखी दोन पातळ डिश निघाल्या. उरलेल्या दोन मागच्या बाजूला होत्या, तिथं मार कमी. हमीद मिस्त्री नांदेडहून एका ट्रकमध्ये सगळे परदे घालून स्वतः आले. उतरल्या उतरल्या मला म्हणाले की बसायला पत्रा आणलाय. हसलो तेव्हा लक्षात आलं की घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसतोय.

भांडण लागलं ते परद्यांवरून. अप्पा म्हणत घासल्याशिवाय पाणी नाही, मिस्त्री म्हणत परद्यांशिवाय गाडी नाही. दोघंही आपल्या जागी बरोबर. शेवटी तोड निघाली ती साधी. प्रत्येक कप्प्याला वरून वेगळं तोंड कापायचं, म्हणजे माणूस पुढं सरकायची गरजच नाही, जिथं घासायचं तिथं उतरायचं. पातळ कोपऱ्यांवर आतून जाड पट्टी जोडायची. पट्टी वाकवून कोपऱ्याला बसवायचं काम मी लाकडी हातोड्यानं केलं, सावकाश. अप्पा शेजारी बसून हात फिरवत आणि कुठं धार लागली की दाखवत. हरहुन्नरी म्हातारा. आमच्या तपासनिसापेक्षा त्यांची बोटं चांगली.

मालकांचा कागद मी वहीतून काढला. त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. ज्ञानोबाला अक्षर लागतं, पण जोडाक्षरांना तो अडतो, म्हणून त्याला वाचून दाखवलं. टाकीतले आडपत्रे काढलेले होते, त्यामुळे पाण्याचा मार पुढच्या डिशवर बसला. डिशचा कोपरा दाबताना पातळ झाला होता, ते मला माहीत होतं आणि मी कळवलं नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला नसता तर माणूस गेलं असतं. खाली सही.

ज्ञानोबा म्हणाला, “मदलं वाक्य काढलं तरी मी सुटतोय की.”

मी म्हणालो की हो, सुटतोस. आणि कागद साहेबांना नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, पाठपोट बघितला, पुढच्या बाजूचं टाइप केलेलं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. शिक्का मागच्या बाजूला मारला.

निघायच्या दिवशी ज्ञानोबानं मला त्याच, पट्टी लावलेल्या टँकरमधून मुरुडच्या स्टँडवर सोडलं. काठोकाठ भरून निघालेली टाकी एका वस्तीवर निम्मी उतरवून झाली होती. ओढ्याच्या उतारावर तो म्हणाला, धरून बसा. रस्त्यावर कुणी नव्हतं तरी त्यानं ब्रेक दाबला. मी दोन्ही हातांनी दांडी धरली, डोळे मिटले आणि मागच्या धडकेची वाट बघत राहिलो. पाणी नुसतं कुठंतरी डचमळलं आणि बसलं. ज्ञानोबानं गाडी पुन्हा सुरू केली आणि गावातल्या जत्रेविषयी सांगायला लागला.

भोसरीत मालकांनी कागदाची नक्कल वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली. मला प्रेसवरून काढून गोदामात बसवलं आहे, पुढं काय ते ठरलेलं नाही. घरी बायको रोज विचारते आणि मी रोज तेच सांगतो. पण डायचा जो कोपरा पत्र्याला अडवतो तो घासून गोल करायचं काम मालकांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी दगड घेऊन बसतो, थोडं घासतो आणि अप्पांसारखा अंगठा फिरवून बघतो. अंगठा अजून एका जागी अडतो. आज पुन्हा घासणार आहे.